दवाखान्यात माणूस ठेवताना

घरातले माणूस एकाएकी आजारी पडले आणि डॉक्टरांनी "ॲडमिट करावे लागेल" असे सांगितले, म्हणजे घरात काय धांदल उडते ते तुम्हांला सांगायला नको. कोणी गाडी बघायला धावतो, कोणी पैशाच्या तजविजीला लागतो, म्हातारी घोंगडी आणि तांब्या-भांडे बांधून देते, शेजारीण भाकरी थापायला बसते. गोठ्यातल्या जनावरांचे कोण बघणार, पाण्याची पाळी कोण धरणार, हेही ठरते. एवढे सगळे सुचते. पण आजारी माणूस रोज कोणत्या गोळ्या घेतो, मागच्या साली कोणत्या इंजेक्शनाने त्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, त्याचे जुने कागद फडताळाच्या कुठल्या खणात आहेत, हे मात्र दवाखान्यात पोहोचल्यावर आठवू लागते. तोवर डॉक्टरांचे विचारून झालेले असते, आणि आपण "काही नाही, साधी बीपीची गोळी चालू आहे" असे सांगून मोकळे झालेले असतो.

या लेखात आजारांविषयी काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते दवाखान्यात उपचार चालू असताना होणाऱ्या चुकांविषयी, आणि त्या टाळण्यासाठी तुमच्या-आमच्यासारख्यांना काय करता येते त्याविषयी. यात डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना नावे ठेवण्याचा हेतू मुळीच नाही. रात्रीची पाळी, तीस खाटांचा वॉर्ड आणि त्यात एकच सिस्टर, असा प्रकार तालुक्याच्या नि जिल्ह्याच्या गावी आपण डोळ्यांनी पाहतो. रात्री नांगरट करताना डोळ्यावर झापड आली की चांगल्या गड्याचेही तास वाकडे जाते; तसेच हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे उपचार घेणाऱ्या दर १० माणसांमागे सुमारे एकाला त्या उपचारातूनच काही ना काही इजा होते, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या इजा टाळता येण्यासारख्या असतात. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस रुग्णांच्या सुरक्षिततेचा दिवस म्हणून जगभर पाळतात तो याचसाठी.

आपल्याच मुलखात घडलेली आणि कोर्टाच्या निकालात नोंदलेली एक हकिकत सांगतो. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी इस्पितळात एक बाई बाळंत झाली. १० तारखेला मुलगा झाला आणि १३ तारखेला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर तिला सडकून ताप भरला, पोटात असह्य दुखू लागले. १९ तारखेला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत एक टॉवेल राहून गेलेला सापडला. भोवती पू झाला होता. २४ जुलैला ती बाई गेली. घरच्यांनी दावा लावला. तो लढत लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ साली निकाल लागला की, या निष्काळजीपणाला सरकार जबाबदार आहे. मधे ३३ वर्षे गेली होती.

त्या घरच्यांनी आपल्यापरीने धडपड केलीच असेल. पण अशा प्रसंगात सर्वांत मोलाचे असतात ते १३ ते १९ मधले सहा दिवस. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे दिवसागणिक कमी व्हायला हवे. ते वाढत असेल, ताप उतरत नसेल, पोट फुगून टणक होत असेल, धाप लागत असेल, लघवी कमी झाली असेल, माणूस बरळत असेल, तर "ऑपरेशन म्हटल्यावर एवढे दुखायचेच" असे कोणी कितीही समजावले तरी गप्प बसू नये. "काल दोन वेळा ताप आला, आज चार वेळा आला, काल बसत होती, आज बसवत नाही," अशा शब्दांत, काल आणि आज यांतला फरक सांगावा. नुसते "लई त्रास होतोय" म्हटले तर ते दहा जण म्हणत असतात. आणि "हे केसपेपरवर लिहून घ्या, साहेब, आणि मोठ्या डॉक्टरांना कळवा" असे नम्रपणे पण स्पष्ट म्हणावे. कागदावर लिहिलेल्या गोष्टीची दखल घ्यावीच लागते.

नाव काय म्हणून सांगता?

आधी अगदी साधी गोष्ट, नावाची. आपल्याकडे लग्नात बाईचे नाव बदलण्याची चाल आहे. माहेरची कृष्णा सासरी लक्ष्मीबाई होते. आधार कार्डावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, पहिल्या बाळंतपणाच्या कागदावर माहेरचे, आणि वॉर्डात नातवाने घाईत सांगितलेले चौथेच. पुरुषांचेही फार वेगळे नाही. सारा गाव ज्याला बापू म्हणतो तो कागदावर ज्ञानदेव असतो, आणि शेजारच्या खाटेवरही एखादा ज्ञानदेवच निजलेला असतो. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधे, सारे नावावर फिरते. एकाची बाटली दुसऱ्याला लागण्याचे प्रकार होतात ते इथूनच.

तेव्हा दाखल करताना आधार कार्डावरचे पूर्ण नाव आणि वय द्यावे, आणि दवाखाना सोडीपर्यंत तेच नाव चालवावे. जुने कागद दुसऱ्या नावाचे असतील तर ते डॉक्टरांना उघड सांगावे. मनगटाला नावाची पट्टी बांधली असेल तर ती वाचून घ्यावी; चुकलेली असेल तर लगेच बदलायला सांगावे. गोळी, इंजेक्शन, रक्ताची तपासणी, काहीही करण्यापूर्वी "लक्ष्मीबाई ना?" असे कोणी विचारले तर नुसते "हो" म्हणू नये. गुंगीतले माणूस आणि कमी ऐकू येणारे म्हातारे कोणत्याही नावाला हो म्हणतात. आपले पूर्ण नाव आपण उच्चारावे, किंवा जवळ बसलेल्याने उच्चारावे.

जवळ बसणारा म्हटला म्हणजे तोही विचार करून निवडावा. आपल्याकडे सहसा ज्याला शेतात काम नाही तो बसतो. निदान पहिले दोन-तीन दिवस आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी, लिहिता-वाचता येणारे आणि चार शब्द विचारायला न भिणारे माणूस जवळ असावे. दहावी-बारावीतली लेक असेल तर ती हे काम घरातल्या पुरुषांपेक्षा नेटके करते, असा अनुभव आहे.

औषधांचा घोळ

चुका सर्वांत जास्त होतात त्या औषधांत. म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून न्यावीत: गोळ्यांची पाकिटे, मलमे, डोळ्यांतले थेंब, वैद्याचे चूर्ण, जाहिरात पाहून आणलेली ताकदीची पावडर, सगळेच. "आयुर्वेदिक आहे, त्याचे काय सांगायचे" असे म्हणू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन, तर ते शस्त्रक्रियेआधी कळलेच पाहिजे; नाही तर रक्त थांबता थांबत नाही. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर गांधी आल्या असतील, ओठ सुजले असतील, श्वास कोंडला असेल, तर त्या औषधाचे नाव केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्यावे. नाव आठवत नसेल तर ज्या डॉक्टरांनी ते दिले त्यांच्याकडून विचारून आणावे.

दारूचेही लपवू नये. लाजेपोटी पाहुण्यारावळ्यांसमोर बाई सांगत नाही आणि नवरा तर नाहीच नाही. पण रोज पिणाऱ्याची दारू दवाखान्यात एकदम बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात कापू लागतात, भास होतात, तो खाटेवरून उठून पळू बघतो, फिट येते. खरे कारण ठाऊक नसेल तर डॉक्टर दुसरेच दुखणे शोधत बसतात. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे, म्हणजे झाले.

शेतातल्या विषबाधेचे असेच. फवारणी करताना चक्कर येऊन पडला म्हणून आणले, तर कोणते औषध फवारत होता हे विचारल्यावर "ते पांढऱ्या डब्यातले" या उत्तराचा काही उपयोग नाही. प्रत्येक जातीच्या विषाचा उपचार निराळा. काही कीटकनाशकांवर ॲट्रोपीन चालते, इतरांवर त्याचा उपयोग नाही, आणि पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर तर उताराच नाही. डबा लेबलासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर न्यावा. कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ रसायनाचे नाव असते, डॉक्टरांना ते हवे असते. (आणि खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत औषध काढून ठेवण्याची खोड ज्यांना असेल त्यांनी ती आजच सोडावी. त्या बाटलीला ना लेबल, ना त्रिकोण. अंधारात हात जातो तो तिच्याकडेच.)

आता मात्रेचे. लहान पोरांच्या तापाचे पॅरासिटामॉल घ्या. ते थेंबांच्या छोट्या बाटलीत मिळते, साध्या पातळ औषधात मिळते आणि जादा जोराच्या पातळ औषधातही मिळते. थेंबांच्या बाटलीत सहसा १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या बाटलीत ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५. जोराच्या बाटलीत ५ मिलिलिटरला २५०. १० किलो वजनाच्या पोराला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते. म्हणजे साध्या बाटलीतले ५ मिलिलिटर बरोबर झाले. पण "एक चमचा" एवढेच लक्षात ठेवून आजीने थेंबांच्या बाटलीतले चमचाभर पाजले, तर पोराच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेले, म्हणजे बरोबर चौपट! असे दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस झाले तर काळजावर बेतते. म्हणून पोराचे वजन दवाखान्यात गेल्यावर नव्याने करून घ्यावे, डॉक्टरांना "किती मिलिलिटर" असे विचारावे, आणि बाटलीबरोबर येणाऱ्या मापानेच औषध पाजावे. घरातला चहाचा चमचा कधी ३ चा असतो, कधी ७ चा.

मोठ्या माणसांतही हाच घोळ वेगळ्या वाटेने होतो. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे तीन, आत औषध एकच. सर्दीच्या नि अंगदुखीच्या पुष्कळ जोडगोळ्यांतही तेच असते. गावच्या डॉक्टरांनी एक दिली, तालुक्याच्या डॉक्टरांनी दुसरी, मेडिकलवाल्याने तिसरी, आणि माणूस तिन्ही खातो. धडधाकट माणसालाही २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ नये, पिणाऱ्याला तर त्याहून बरेच कमी. पाकिटावर मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीचे असते. त्याखालचे बारीक अक्षरांतले नाव औषधाचे. दोन पाकिटांवर खालचे नाव एकच दिसले की विचारावे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, वाचता येईल असे आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा वैद्यक परिषदेचा नियम २०१६ पासून आहे. तेव्हा "साहेब, जरा सुवाच्य लिहून द्या" असे म्हणण्यात उर्मटपणा काही नाही.

दोन औषधांची नावे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्यातल्या चुकीने माणसे दगावतात. संधिवाताला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. इतर सगळ्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली जाते; मग तोंड आतून सोलते, रक्तातल्या पेशी घटतात, आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस हातचा जातो. तुमच्या घरात ही गोळी कोणाला चालू असेल तर वार ठरवून टाका. गावचा बाजार सोमवारी भरत असेल तर सोमवारची गोळी, म्हणजे चुकणार नाही. दवाखान्यात दाखल झाल्यावरही हे आपण होऊन सांगा, कारण तिथल्या तक्त्यावर ती "रोज एक" अशी उतरवली जाऊ शकते.

दुसरे इन्सुलिन. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० च्या जोराच्या असतात, पण १०० च्या जोराच्याही मिळतात. सिरिंजाही दोन: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. बाटली ४० ची तर सिरिंज ४० ची, बाटली १०० ची तर सिरिंज १०० ची. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजेने भरले तर अडीचपट मात्रा अंगात जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, वेळीच साखर दिली नाही तर शुद्ध हरपते. बाटली आणि सिरिंज दोन्हींवर आकडा छापलेला असतो. इंजेक्शन देण्यापूर्वी दोन्ही आकडे मोठ्याने वाचावेत, मग देणारी सिस्टर असो की घरची सून.

वॉर्डात प्रत्येक गोळीला "ही कशाची?" असे विचारावे. रोज दोन पांढऱ्या आणि एक पिवळी मिळत असेल आणि आज एकदम लाल आली, तर गिळण्याआधी विचारावे. कित्येकदा डॉक्टरांनीच बदललेली असते, मग प्रश्न नाही. एक वही जवळ ठेवावी आणि तारीख, वेळ, औषधाचे नाव, ताप किती, लघवी किती, डॉक्टर कधी आले आणि काय म्हणाले, हे दोन-दोन ओळींत उतरवावे. दूध डेअरीचे पुस्तक आपण रोज भरून घेतोच की! पाळी बदलली की नव्या सिस्टरलाही या वहीचा उपयोग होतो. मात्र वही तिच्यावर पहारा ठेवण्यासाठी आहे असे वाटू देऊ नये; गोडीत विचारले तर बहुतेक जणी आनंदाने सांगतात.

सलाईनबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. "डॉक्टर, एक बाटली लावा, म्हणजे ताकद येईल," असा हट्ट आपणच धरतो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत बहुधा २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्याला तोंडाने खाता-पिता येते त्याला भाकरीच्या तुकड्यात याहून अधिक ताकद मिळते. नसेत सुई घातली की तिथून जंतू शिरण्याची वाट उघडते, आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाच्या अंगात जास्त पाणी साठून दम लागतो. डॉक्टर नको म्हणत असतील तर बाटली मागू नये. सुई टोचलेली जागा लाल झाली, सुजली, दुखू लागली तर लगेच दाखवावी. आणि लघवीची नळी घातली असेल तर ती अजून लागते का, हे रोज एकदा विचारावे.

शस्त्रक्रिया ठरली म्हणजे

सही किंवा अंगठा करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: काय काढणार किंवा काय बसवणार, ते न केल्यास काय होईल, आणि दुसरा काही इलाज आहे का. बायकांच्या पिशवीच्या ऑपरेशनाविषयी हे विशेष करून सांगतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. "पाळीचा त्रास आहे, पांढरे जाते, पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल," एवढ्या सांगण्यावर पोटच्या अवयवाचा निर्णय करू नये. जीव धोक्यात नसेल तर चार दिवस थांबून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्कच आहे, आणि भला डॉक्टर त्याने रागावत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले आहे की, तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे पिशवी काढायची संमती नव्हे. रुग्णाच्या जिवावर बेतले असेल तेवढाच अपवाद.

उजवे-डावे हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. डोळा, गुडघा, हर्निया यांत कोणती बाजू ते डॉक्टरांकडून शाईने अंगावर खूण करून घ्यावे. ऑपरेशनच्या खोलीत भूल देण्यापूर्वी, चिरण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर आणण्यापूर्वी नाव, बाजू, ॲलर्जी, आत वापरलेले कापड-बोळे-हत्यारे यांची मोजदाद, हे सगळे मोठ्याने म्हणून ताडून पाहायची एक यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली तयार केली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या इस्पितळांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शंभरात दीडवरून एकाच्याही खाली आले. एका कागदाने एवढे काम केले! "तुमच्याकडे ती सेफ्टी चेकलिस्ट वापरतात का, डॉक्टर?" एवढे विचारले तरी पुष्कळ. औरंगाबादच्या त्या बाईच्या वेळी अशी मोजदाद नीट झाली असती तर टॉवेल आत राहिला नसता.

उपाशी ठेवायला सांगितले की उपाशीच ठेवावे. म्हातारी माणसे माया म्हणून चोरून चहा-बिस्कीट देतात. दुधाचा चहा हे अन्नच आहे. भुलीत ते उलटून श्वासनळीत गेले तर जीव जातो. चुकून दिले गेले असेल तर लपवू नये, सांगून टाकावे. ऑपरेशन दोन-चार तास पुढे जाईल, एवढेच.

रक्त चढवायची वेळ आली तर आणखी सावध राहावे. रक्तपेढीतून पिशवी आणायला आपल्यालाच पाठवतात. ती थंड पेटीतून आणावी, वाटेत चहाला थांबू नये, गार लागते म्हणून गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवू नये. लावण्यापूर्वी दोघांनी मिळून पिशवीवरचे नाव, रक्तगट आणि नंबर कागदाशी ताडून बघायचे असतात. तिथे आपणही उभे राहावे. पहिली १५ मिनिटे तर जागचे हलू नये. थंडी वाजली, कंबर दुखू लागली, छाती भरून आली, अंग खाजले, लघवी लाल झाली, तर तत्काळ सिस्टरला हाक मारावी. त्यांनी नळी बंद केली की पुष्कळसा धोका टळतो. "माझा गट मला पाठ आहे" म्हणून तपासणी टाळू देऊ नये; गट जुळला तरी ते रक्त या माणसाच्या रक्ताशी जुळते का, हे प्रत्येक वेळी बघावे लागते.

घरी सोडताना

घरी जायचे म्हटले की सगळ्यांना घाई होते, एस.टी. चुकेल, दूध काढायचे आहे. नेमके तेव्हाच अर्धा तास बसावे. जुन्या गोळ्यांची पिशवी पुढे ओतावी आणि "यांतल्या कोणत्या चालू, कोणत्या बंद?" असे विचारून बंद केलेल्या तिथेच बाजूला काढाव्यात. जुन्या नि नव्या दोन्ही चालू राहून बीपी किंवा साखर एकदम उतरते आणि चार दिवसांनी माणूस पुन्हा त्याच खाटेवर येते. टाके कधी काढायचे, कोणते रिपोर्ट अजून यायचे आहेत, काय झाले तर रात्री-अपरात्री आणायचे, हे कागदावर घ्यावे. घेतलेले तोंडाने परत म्हणून दाखवावे: "म्हणजे ही सकाळी जेवणाआधी, ही रात्री, बरोबर ना?" काचेच्या खिडकीतल्या मेडिकलवाल्यालाही पाकीट आणि चिठ्ठी ताडून बघायला सांगावे.

एवढे करूनही काही वावगे घडले तर? पहिल्यांदा डॉक्टरांशी शांतपणे बोलावे. प्रत्येक वाईट गोष्ट ही चूक नसते. डॉक्टरांनी सगळे नीट करूनही माणूस हाती लागत नाही, हे आपण जाणतो. पण संशय राहिला तर काचा फोडून काही सिद्ध होत नाही. उलट डॉक्टर-नर्सबाईंवर हात उगारल्यास महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खरी तक्रार बाजूलाच राहते.

करायचे ते असे. संपूर्ण केसपेपर, रिपोर्ट, औषधांचा तक्ता यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागाव्यात आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद दिले पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. खाजगी दवाखान्यांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२१ साली नियम सुधारले. त्याप्रमाणे रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावावे लागते. ते लावलेले नसेल तर तेही अर्जात लिहावे. सरकारी रुग्णालयाची तक्रार आधी वैद्यकीय अधीक्षकाकडे, मग जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. डॉक्टरांच्या वागणुकीविषयीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे.

पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले आहे. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ते दवाखाने त्यात येत नाहीत. २०१९ च्या नव्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, दवाखाना पुण्याला असो की मुंबईला. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे. उपचाराला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. वकील द्यायलाच हवा असे नाही, पण दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचे लेखी मत मिळाले तर तक्रारीला बळ येते. अर्जाला कागदांच्या झेरॉक्स जोडाव्यात. मूळ कागद, बिले आणि ती वही मात्र कोणी कितीही मागितली तरी आपल्याच ट्रंकेत ठेवावीत.